सुईसारखी पानं नसलेला सूचिपर्णी

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुळणीवर सुरूच्या बनात बसलो होतो. भाची बारावीला आहे, तिचा जीवशास्त्राचा प्रकल्प चालू आहे. एका मुक्त ज्ञानकोशातली नोंद फोनवर वाचता वाचता तिने मान वर केली. "मामा, पश्चिम घाटात मूळचा सूचिपर्णी वृक्ष एकच आहे म्हणे. म्हणजे हाच ना?" आणि तिने डोक्यावरच्या सुरूकडे बोट दाखवलं.

तिला दोष देता येत नव्हता. नोंदीतला फोटो लांब सुया लोंबणाऱ्या कुठल्याशा झाडाचा होता. सगळी नोंद सात ओळींची, आणि तीत चार गोष्टी सरळ चुकलेल्या. मुक्त ज्ञानकोशात कुणीही दुरुस्ती करू शकतं, म्हणून त्या रात्री आम्ही दोघं ती नोंद सुधारायला बसलो. काम एका बैठकीत होईल असं वाटलं होतं. ते तीन आठवडे चाललं, आणि त्या तीन आठवड्यांत आम्ही दोघांनी जे झाड प्रत्यक्ष पाहिलेलं नाही त्याच्या प्रेमात पडलो.

झाडाचं शास्त्रीय नाव नागेया वॉलिचियाना. मल्याळममध्ये त्याला निरमपल्ली म्हणतात. मराठीत रुळलेलं नाव नाही, कारण महाराष्ट्रात ते रानात वाढत नाही. केरळ आणि तमिळनाडूच्या सीमेवर, अगस्त्यमलाई, पेरियार या भागांतल्या ओल्या सदाहरित रानांत ते आहे. तिथे ते तीस मीटरच्याही वर जातं.

पहिला अडथळा आला तो आपल्या भाषेतल्या शब्दांचाच. कॉनिफर या गटासाठी मराठीत दोन शब्द चालतात, सूचिपर्णी आणि शंकुधारी. भूगोलाच्या पुस्तकातली 'सूचिपर्णी वनं' सगळ्यांनी पाठ केलेली असतात. सूचिपर्णी म्हणजे सुईसारख्या पानांचा, शंकुधारी म्हणजे शंकू धरणारा. देवदार, चीड यांच्यापुरते दोन्ही शब्द चपखल आहेत. पण निरमपल्लीची पानं चांगली बोटभर लांब, रुंद, जाड आणि चकचकीत असतात. मादी झाडावर शंकू म्हणावं असं काही दिसतच नाही. उलट भाट्याचा सुरू दोन्ही कसोट्यांना उतरतो: सुयांसारखी पानं, आणि खाली पायाला टोचणारे छोटे लाकडी शंकू. शब्दावर विसंबलं तर सुरू सूचिपर्णी ठरतो आणि निरमपल्ली नाही. खरी गोष्ट नेमकी उलट आहे.

सुरूचं आधी पाहू, कारण तो हाताशी आहे. बनात खाली पडलेली नव्हे, झाडावरची एक हिरवी 'सुई' तोडा. दोन टोकं धरून हलकेच ताणा. टिक् असा बारीक आवाज होऊन ती एका पेरावर सुटते. पुन्हा ताणा, पुढच्या पेरावर सुटते. उसाला असतात तशी पेरं, फक्त दोऱ्याएवढ्या जाडीची. सुटलेल्या टोकाकडे भिंगातून पाहिलं की पेराभोवती सहा ते आठ इवल्या दातांचं कडं दिसतं. हे दात म्हणजे सुरूची पानं. ज्याला आपण पान समजतो ती हिरवी डहाळी आहे. पानं झिजून दातांपुरती उरली आणि अन्न तयार करण्याचं काम डहाळीने अंगावर घेतलं. खारा वारा आणि तापलेली वाळू यांत पाणी टिकवायला हे सोयीचं.

शंकूचंही तसंच. सुरूला फुलं येतात. मादी फुलांना पाकळ्या नसतात, फक्त बारीक लाल तंतूंचे झुबके, म्हणून लक्ष जात नाही. त्यांचंच पुढे ते लाकडी बोंड होतं. सुकलं की त्यातल्या चोचींच्या जोड्या उघडतात आणि आतून पंख असलेलं चिमुकलं फळ उडतं. बी त्या फळाच्या आत बंद. म्हणजे सुरू सपुष्प, आवृतबीजी. ओक आणि अक्रोड ज्या गणात येतात त्याच गणातला. शिवाय तो इथला मूळचाही नाही. आपल्या किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला, कारवारला, १८६८च्या सुमारास त्याची लागवड सुरू झाली. भाचीने पुळणीवरच पाच-सहा डहाळ्या ताणून पाहिल्या आणि प्रकल्पाच्या वहीत एक डहाळी चिकटवली. मला विचाराल तर वनस्पतिशास्त्राचा पहिला धडा द्यायला कोकणात याहून चांगली वस्तू नाही.

मग सूचिपर्णी ठरवायचं कशावरून? बीवरून. हा सगळा गट अनावृतबीजी, म्हणजे उघड्या बियांचा. आंब्याच्या फुलात भावी बी अंडाशयाच्या आत असतं. परागकण बाहेर, कुक्षीवर पडतो आणि तिथून नळी वाढवत आत शिरतो. अनावृतबीजी झाडात ही भिंतच नाही. परागकण थेट भावी बीच्या, म्हणजे बीजांडाच्या तोंडाशी पोचतो. निरमपल्ली ज्या कुळातली आहे त्या पोडोकार्पेसी कुळात तर हा प्रवास फार सुंदर असतो. परागकणाला हवेच्या दोन पिशव्या असतात. बीजांडाचं तोंड बहुधा खाली वळलेलं असतं, आणि योग्य वेळी त्यातून द्रवाचा एक थेंब बाहेर येतो. वाऱ्याने आलेला कण थेंबाला चिकटतो आणि पिशव्यांमुळे त्या द्रवात वर तरंगत थेट आत जातो. बुडबुडा वर येतो ना, तसा.

नोंदीत पुढे लिहिलं होतं, 'फळ जांभळट, गरयुक्त'. इथे भाची अडली. फळ आहे तर बी उघडं कसं? प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर परसातच मिळालं. काजू. काजूचा बोंडू आपण फळ म्हणून खातो, पण तो फुगलेला देठ आहे. खरं फळ म्हणजे खाली लोंबणारी बी. निरमपल्लीच्या कुळाला ज्यावरून नाव मिळालं त्या पोडोकार्पस या नावाचा ग्रीक अर्थच 'पायावरचं फळ' असा आहे. निरमपल्लीच्या बीखालीही देठाचा भाग फुगून गरदार होतो आणि त्यावर गोल बी बसतं. बोंडू आणि बी अशीच जोडी. फरक असा की काजूची बी म्हणजे टरफलासकट खरोखरचं फळ आहे, त्याची भिंत अंडाशयापासून बनलेली. निरमपल्लीच्या बीभोवतीही एक आवरण असतं, पण ते एका खवल्याचं झालेलं आहे. पराग येतो त्या दिवशी बीजांडाचं तोंड उघडंच असतं, मागाहून खवला बीला लपेटून घेतो. म्हणून नोंदीतला 'फळ' हा शब्द काढून आम्ही 'गरदार देठावर बसलेलं बी' असं लिहिलं. तीन शब्द वाढले, पण त्यांना पर्याय नव्हता.

पानाचं वर्णन नोंदीत नव्हतंच, आणि ओळखायची सगळ्यात सोपी खूण तीच आहे. आंब्याचं, फणसाचं, जांभळाचं पान घ्या: मधोमध ठळक मुख्य शीर, तिच्यातून फुटलेल्या उपशिरा. निरमपल्लीच्या पानाला मधली शीरच नाही. देठापासून टोकापर्यंत असंख्य बारीक शिरा शेजारी शेजारी धावतात, बांबूच्या पानात दिसतात तशा. पानं समोरासमोर जोडीने येतात. बांबूसारख्या शिरांचं, पण जांभळासारखं जाड पान, आणि तेही प्रचंड वृक्षावर. दक्षिणेच्या रानात असं झाड भेटलं तर दुसरं काही असण्याची शक्यता फार कमी.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो 'उपयोग' या परिच्छेदाने. त्यात लिहिलं होतं की हे झाड दक्षिण आफ्रिकेचा राष्ट्रीय वृक्ष आहे आणि तिथे त्याच्या पिवळसर लाकडाचं उत्तम फर्निचर होतं. केरळातलं झाड दक्षिण आफ्रिकेचा राष्ट्रीय वृक्ष कसं होईल? दोन रात्री शोधल्यावर धागा सापडला, आणि तो १८३० सालचा निघाला. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख, मूळचे डेन्मार्कचे नॅथॅनिएल वॉलिच यांनी त्या वर्षी निरमपल्लीला पोडोकार्पस लॅटिफोलिया, म्हणजे 'रुंद पानांचा' असं नाव दिलं. पण तेच नाव त्याआधीच दक्षिण आफ्रिकेतल्या एका झाडाला दिलं गेलं होतं. वनस्पतींच्या नामकरणात आधीचं नाव टिकतं, नंतरचं बाद होतं. प्रागचे वनस्पतिशास्त्रज्ञ कारेल प्रेस्ल यांनी १८४०च्या दशकात निरमपल्लीला वॉलिच यांच्याच नावावरून नवं नाव दिलं. १८९१ मध्ये ओटो कुंट्झे यांनी ते नागेया या प्रजातीत हलवलं. नागी हे तिच्या जपानी भाईबंदाचं नाव. १९६९ मध्ये ते डेकुसोकार्पस झालं आणि १९८७ मध्ये पुन्हा नागेया.

ही नुसती नावांची वंशावळ नाही. जोसेफ हूकर यांच्या ब्रिटिश भारताच्या वनस्पतिसूचीच्या पाचव्या खंडात हे झाड बाद झालेल्या नावानेच, पोडोकार्पस लॅटिफोलिया म्हणून नोंदलेलं आहे. जुना संदर्भ पाहून कुणी ते नाव आज शोधलं की समोर येतो तो आफ्रिकेचा वृक्ष, आणि त्याचं लाकूड, त्याचे मानसन्मान आपल्या झाडाच्या नावावर जमा होतात. सातबाऱ्यावर भलत्याच माणसाची जमीन चढावी तसं झालं होतं. आम्ही तो परिच्छेद पूर्ण काढला आणि नोंदीत जुन्या नावांची यादी सालांसकट घातली, म्हणजे पुढच्या माणसाचा पाय त्याच खड्ड्यात पडायचा नाही.

राहिली ती 'एकमेव'ची गोष्ट. नोंदीत 'जगात फक्त पश्चिम घाटात आढळणारा' असं होतं. मूळचा असणं आणि प्रदेशनिष्ठ, म्हणजे फक्त तिथेच आढळणारा असणं यांत गल्लत झाली की असं होतं. निरमपल्ली पश्चिम घाटात मूळची आहे, कुणी आणून लावलेली नाही. पण ती ईशान्य भारतात आहे, म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशिया, फिलिपिन्स असं करत थेट न्यू गिनीपर्यंत आहे. भारतातला एकमेव सूचिपर्णीही ती नव्हे, सगळा हिमालय समोर उभा आहे. बरोबर विधान इतकंच: पश्चिम घाटात मूळचा असलेला हा एकमेव सूचिपर्णी वृक्ष. या शब्दांतला एकही गाळता येत नाही, आणि गाळला की काय होतं ते आम्ही पाहिलंच होतं. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत तिची जागतिक पातळीवर 'कमी चिंता' अशी नोंद आहे, तीही या मोठ्या पसाऱ्यामुळे. तिच्यावरून अगस्त्यमलाईतल्या झाडांची स्थिती ठरवता येत नाही, म्हणून आम्ही तिथे 'जागतिक पातळीवर' हे शब्द मुद्दाम घातले.

भाचीने शेवटी विचारलं, सह्याद्री सलग आहे, मग हे झाड आपल्यापर्यंत का आलं नाही? रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पाण्याची कमतरता नाही. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. पुढचे सात-आठ महिने कातळ तापतो. घाटाच्या दक्षिण टोकाला परतीचा पाऊस आणि वळीव मिळून ओल वर्षभर वाटली जाते, कोरडे महिने दोन-तीनच. घाटातून उत्तरेकडे येताना कोरडा काळ लांबत जातो तशा सदाहरित रानातल्या कित्येक जाती एकेक करून मागे राहतात. निरमपल्ली त्या मागे राहिलेल्यांपैकी आहे. उघड्या बियांच्या वनस्पती आपल्याकडे अगदीच नाहीत असंही नाही. सह्याद्रीच्या रानात नेटमचा वेल चढतो. तो सूचिपर्णींच्या गटातला नाही, पण त्याचीही पानं रुंदच असतात.

नोंद आता सात ओळींवरून दोन पानांची झाली आहे. सुयांचा फोटो काढून टाकला. त्या जागी अजून काहीच नाही. केरळात रान बघायला जाणारं कुणी हे वाचत असेल तर एक करा: मधली शीर नसलेल्या पानांची जोडी दिसली की ती न तोडता, पाठीमागून उजेड येईल असा फोटो घ्या. शिरा स्पष्ट दिसायला हव्यात. शक्य झालं तर मादी झाडाखाली पडलेलं एखादं बी देठासकट तळहातावर ठेवून दुसरा फोटो घ्या, सोबत जागा आणि तारीख लिहा. ती चौकट आम्ही मोकळी ठेवली आहे.