विल्यम नावाचे दोन किल्ले आणि दिवा एकावरच

पश्चिम आफ्रिकेतल्या, आकाराने महाराष्ट्राहूनही लहान असलेल्या घानाच्या किनाऱ्यावर ‘फोर्ट विल्यम’ नावाचे दोन किल्ले आहेत. एक अनोमाबूला आणि दुसरा तिथून पश्चिमेला, थोड्याच अंतरावर, केप कोस्ट शहरात. कोलकात्याच्या फोर्ट विल्यमचा या दोहोंशी संबंध नाही. युनेस्कोने १९७९ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतलेल्या घानाच्या किल्ल्यांमध्ये हे दोन्ही स्वतंत्रपणे नोंदलेले असून, केप कोस्टच्या किल्ल्यापुढे ‘दीपगृह’ असा स्पष्ट उल्लेख आहे. तरीही अनोमाबूच्या छायाचित्राखाली ‘दीपगृह’ असे छापलेले आणि केप कोस्टच्या दिव्याला ‘गुलामांच्या कोठड्यांवरचा दिवा’ म्हटलेले वारंवार वाचावे लागते.

अनोमाबूच्या किल्ल्याविषयी फार सांगायला नको. गुलामांच्या व्यापाराचा इतिहास वाचलेल्यांना तो ठाऊक असतो. अठराव्या शतकाच्या मध्यात इंग्रजांनी तो थेट समुद्रकाठी बांधला, गुलामांना डांबण्याची जागा मूळ आराखड्यातच धरली आणि विल्यमचे नाव त्याला एकोणिसाव्या शतकात मिळाले.

खरी गल्लत केप कोस्टच्या बाबतीत होते, आणि ती नावापुरती नाही. ही वास्तू १८२० मध्ये उभी राहिली आणि तेव्हा तिला ‘स्मिथ टॉवर’ म्हणत. ब्रिटिश संसदेने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली १८०७ मध्ये, म्हणजे बांधकामाच्या तेरा वर्षे आधी. ज्या व्यापारासाठी अनोमाबूचा किल्ला बांधला गेला, त्या व्यापारासाठी हा बांधलेलाच नाही. शहरामागच्या टेकडीवरून, जमिनीच्या बाजूने होऊ शकणाऱ्या अशांती (अंतर्भागातले आफ्रिकी राज्य) सैन्याच्या हल्ल्यावर नजर ठेवणे आणि खाली समुद्रालगत असलेल्या केप कोस्ट कॅसलचे रक्षण करणे, हे त्याचे काम होते. गुलामांच्या कोठड्या आहेत त्या खालच्या कॅसलमध्ये. टेकडीवरच्या वास्तूला त्या चिकटवल्या, की कॅसलमध्ये खरोखर जे घडले त्याचा पत्ता चुकतो, आणि इतक्या गंभीर इतिहासात अशी चूक मला अक्षम्य वाटते.

दिवा आला तो १८३५ मध्ये. जमिनीकडे पाहण्यासाठी निवडलेली उंची समुद्रावरून दिसण्यासाठीही सोयीची ठरली. प्रकाश समुद्रसपाटीपासून जितका उंच, तितका तो पृथ्वीच्या वक्रतेपलीकडे दूरवर दिसतो, आणि इथे ती उंची टेकडीने आयतीच पुरवली. घानाची राजधानी अक्राच्या जेम्सटाऊन भागात मात्र २८ मीटरचा मनोरा मुद्दाम बांधावा लागला, तेव्हा कुठे त्याचा दिवा समुद्रसपाटीपासून ३४ मीटरवर पोहोचला. केप कोस्टचा दिवा १९७०च्या दशकापर्यंत वापरात होता. म्हणून ‘१८३५ मध्ये बांधलेले दीपगृह’ हे वाक्यही चूकच आहे; १८३५ हे दिवा लागल्याचे वर्ष, बांधकामाचे नव्हे.

छायाचित्र ओळखणे त्यामानाने सोपे आहे. लाटांलगत, कोपऱ्यांना बुरूज असलेला भरभक्कम किल्ला दिसला तर तो अनोमाबूचा. घरांच्या वर, टेकडीवर आटोपशीर वास्तू दिसली तर ती केप कोस्टची. लिहिताना मात्र नुसते ‘फोर्ट विल्यम’ कधीही लिहू नये, गावाचे नाव जोडावेच.

आणि जुन्या व्यापारी किल्ल्याचे पुढे दीपगृह झाले, असे उदाहरण कुणाला हवेच असेल, तर ते याच किनाऱ्यावर आणखी पश्चिमेला, सेकोंडीला आहे. तिथला फोर्ट ऑरेंज डचांनी सतराव्या शतकात व्यापारासाठी उभारला आणि नंतर त्याचा वापर दीपगृह म्हणून होऊ लागला.