खाच, कुसू आणि पाचर : कृष्णाकाठच्या सुतारकामाची पार्श्वभूमी

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर चढलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी ओसरल्यावर गल्लोगल्ली जे सामान बाहेर येऊन पडलं, त्यात फुगून फाटलेल्या प्लायवूडच्या कपाटांचे ढीगच्या ढीग होते. आमचंही नवं कपाट त्यातच गेलं. पणजोबांच्या वेळची सागवानी पेटी मात्र चिखल धुऊन महिनाभर सावलीत वाळवली, तर तिचं झाकण पुन्हा पहिल्यासारखं बसू लागलं. तिच्या चारही कोपऱ्यांत एक खिळा नाही. बोटांत बोटं गुंतवावीत तशी फळ्यांची टोकं एकमेकांत अडकवलेली आहेत. हे काम आपल्या भागात कुठून आलं आणि कुठे गेलं, हे विचारायची बुद्धी मला त्या पेटीमुळे झाली.

लाकूड पाणी पितं आणि फुगतं. पण ते फुगतं रुंदीत. लांबीत जवळजवळ नाहीच. खिळा यातलं काही करत नाही. तो गंजतो, भोक मोठं होतं आणि सांधा खिळखिळा होतो. शब्द तिथूनच आला असावा असं वाटावं, इतकं ते चपखल आहे. लाकडात लाकूड बसवलेलं असलं की दोन्ही सोबत फुगतात, सोबत आकसतात. शिवाय पूर्वी खिळा स्वस्त नव्हता. लोहाराने एकेक ठोकून घडवायचा, तो जपूनच वापरला जायचा.

वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा आहे, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. असल्या वाड्यात भिंतीपेक्षा लाकडी सांगाडा पाहावा. दगडी तळखड्यावर खांब, खांबाच्या डोक्यावर हस्त, म्हणजे भार पेलणारा आडवा ठोकळा, त्यावर तुळई, वर कड्या (आडवे वासे) आणि पाट. खांब दगडावर उभा, म्हणजे जमिनीची ओल त्याला लागत नाही. खांबाच्या टोकाला काढलेली लाकडी जीभ हस्ताच्या खाचेत शिरते. ही जीभ म्हणजे कुसू. आयटीआयत शिकलेली मुलं याच सांध्याला मॉर्टिस-टेनन म्हणतात.

कुसू बसवणं ऐकायला सोपं आहे. लाकडाच्या जाडीचे तीन भाग करायचे, मधला कुसवाचा. खतकसाने, म्हणजे रेघ आखायच्या हत्याराने, दोन रेघा ओढायच्या. मग किंकरं, म्हणजे खाच पाडायची अरुंद छिन्नी, घेऊन मधूनच सुरुवात करायची, रेघेपासून सूतभर आत राहायचं, अर्धं भोक एका बाजूने आणि अर्धं दुसऱ्या बाजूने पाडायचं, म्हणजे कड फुटत नाही. शेवटी पटाशीने, म्हणजे चपट्या पात्याच्या छिन्नीने, रेघेपर्यंत साफ करायचं. कुसू करवतीने कापताना रेघ खायची नाही, ठेवायची. जोडताना अर्धं हाताच्या दाबाने जावं, उरलेलं मोगरीने, म्हणजे लाकडी हातोडीने. नीट बसलं की ठोक्याचा आवाज बदलतो. पोकळ होता तो भरीव होतो. जाणत्या सुताराला पाहावं लागत नाही, तो ऐकतो.

पण वाडे मोजके. गावच्या सुताराचं रोजचं काम म्हणजे शेतकऱ्याचं औत आणि गाडी, आणि त्याबद्दल सुगीला मिळणारं बलुतं. या सगळ्यात कठीण काम बैलगाडीच्या चाकाचं, असं माझं मत आहे. मधे बाभळीचा तुंबा, म्हणजे चाकाचा मधला गोल ठोकळा, त्यात ठोकून बसवलेले आरे, आऱ्यांच्या दुसऱ्या टोकाची कुसवं घेर बनवणाऱ्या बाहेरच्या पाट्यांत. लाकूड आधी वाळलेलं हवं, नाहीतर चाक वर्षभरात डुगडुगतं. शेवटी धाव, म्हणजे चाकाभोवतीची लोखंडी पट्टी, विस्तवात लाल करून चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचं. तापल्याने पसरलेली धाव थंड होताना आवळते आणि चाकातला प्रत्येक सांधा एकाच वेळी दाबला जातो. सुतार आणि लोहार दोघांचे हात त्या घडीला एकत्र लागतात. उन्हाळ्यात लाकूड आकसून चाक वाजायला लागलं, की गाडी ओढ्यात किंवा नदीच्या उतारावर पाण्यात उभी करायची. लाकूड फुगून चाक पुन्हा घट्ट.

मग लोखंड स्वस्त झालं. १८९० च्या सुमारास पुण्याहून मिरजेवरून पुढे रेल्वे गेली आणि बाहेरचा माल सहज येऊ लागला, त्यात यंत्रावर बनलेले खिळेही. खरा बदल मात्र शेतातून आला. १९१० मध्ये औंध संस्थानने दिलेल्या जागेवर, कुंडल स्टेशनजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला. ती आजची किर्लोस्करवाडी. लोखंडी नांगराने जमीन विषारी होईल, अशी भीती शेतकऱ्यांना सुरुवातीला वाटायची. ती गेली आणि लाकडी नांगर मागे पडत गेला. शेतकऱ्याचं त्यात भलंच झालं. सुताराच्या घरी मात्र नांगर घडवायचं आणि दुरुस्त करायचं काम कमी झालं, आणि त्याबरोबर पोराच्या हातात किंकरं द्यायचं निमित्तही. पुढे साखर कारखान्यांच्या ऊसगाड्यांना रबरी टायर आले, तेव्हा तुंबा आणि आरेही गेले. घरात काँक्रीट आलं, फर्निचरला प्लायवूड आणि स्क्रू.

म्हणजे सुतार सांधा विसरला नाही. सांधा ज्या वस्तूंत राहत होता त्या वस्तूच एकेक करून उठून गेल्या. हे मला मुद्दाम लिहायचं होतं, कारण ‘हल्लीच्या सुतारांना काही येत नाही’ हे वाक्य फार सहज बोललं जातं.

मिरजेत हातकाम टिकलं, कारण तिथली वस्तू टिकली. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात भोपळा आणि तुणाचं लाकूड हातात घेतलं, तंबोरे-सतारी घडवल्या. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दांडी आणि भोपळा यांच्यातला सांधा ढिला राहिला तर सूर मरतो, म्हणून तिथे आजही पटाशी, कानस आणि बोटांचा अंदाज चालतो.

आमच्या पेटीचा एक कोपरा पुरानंतर किंचित सैल राहिला होता. तासगावकडच्या एका म्हाताऱ्या सुतारकाकांना दाखवला. मी खिळ्यांचा डबा पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला.

“खिळा नगं, ताई. सागाची चिमटीभर पाचर पुरं.”

सरसात बुडवून त्यांनी ती दोन ठोक्यांत बसवली, वर आलेलं टोक पटाशीने तासलं आणि कोपऱ्याला कान लावला.