बुबुळावरचा पांढरा ठिपका: जिवाणूचा की बुरशीचा?

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की चिकोडी, रायबाग, अथणीकडून येणाऱ्या पेशंटची एक ठरलेली तक्रार असते. "पात लागलं बघा बाई डोळ्याला. चार दिस झालं." उसाच्या पानाची कड करवतीसारखी असते हे तोडणाऱ्याला सांगायला नको. खानापूरकडे भाताची सुगी आली की पातीच्या जागी कुसळ येतं आणि मळणीत उडणारा भुसा. डोळा लालभडक, सतत पाणी, उजेड सोसत नाही, आणि बुबुळावर एक पांढरट ठिपका.

गावात याला सरसकट 'फूल पडलं' म्हणतात. पण फूल म्हणजे जखम भरून गेल्यावर मागे राहिलेला वण. ठिपका ठणकत असेल, तर ते फूल नव्हे. तो कॉर्नियल अल्सर असतो, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक काचेला, कॉर्नियाला, झालेली आणि आत संसर्ग शिरलेली जखम. हा संसर्ग आमच्या भागात मुख्यतः दोघांपैकी एकाचा असतो, जिवाणूचा किंवा बुरशीचा. मदुराईला 434 पेशंटांवर झालेल्या आणि 1997 साली छापून आलेल्या एका अभ्यासात ही विभागणी जवळजवळ निम्मी-निम्मी निघाली होती. थंड देशांतल्या पाठ्यपुस्तकांत बुरशीला अर्धं पान मिळतं, कारण तिकडे तिचं प्रमाण तेवढंच. उष्ण, दमट आणि शेतीच्या मुलखात ते हिशेब लागू पडत नाहीत.

मी डोळ्याची डॉक्टर नाही. बेळगावात सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये काम करते. डोळ्यांच्या संसर्गावरच्या दोन दिवसांच्या एका कार्यशाळेला गेले तेव्हा पहिल्याच तासाला आम्हाला अल्सरचे फोटो दाखवले आणि जिवाणू की बुरशी ते लिहायला सांगितलं. माझे निम्मे चुकले. मान खाली घालून बसले होते, पण पुढे कळलं की त्यात लाजण्यासारखं फारसं नाही. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत कॉर्नियाच्या तज्ज्ञांनाच असे फोटो दिले होते. त्यांची बरोबर उत्तरं सुमारे 66 टक्के होती. छापा-काटा करूनही 50 टक्के जमतात.

तरी पुस्तकातला फरक माहीत असावा. बुरशीचा अल्सर दिसायला कोरडा, खरबरीत, थोडा उचललेला असतो. त्याच्या कडा पिसासारख्या विस्कटलेल्या असतात आणि मुख्य ठिपक्याभोवती कधी छोटे छोटे वेगळे ठिपके दिसतात. चाल संथ. पेशंट आठ-दहा दिवसांनी येतो आणि डोळा दिसतो त्या मानाने दुखण्याची तक्रार कमी करतो. जिवाणूचा अल्सर ओलसर असतो, कडा बऱ्यापैकी रेखीव, चिकट पू, सुजलेली पापणी, आणि सगळं कसं भराभर. स्यूडोमोनास असेल तर दोन-तीन दिवसांत कॉर्निया विरघळू लागतो. हा जंतू कॉन्टॅक्ट लेन्स लावून झोपणाऱ्यांच्या डोळ्यात सापडतो, त्यामुळे कॉलेजची पोरगी आली की आधी लेन्सचं विचारायचं आणि शेतकरी आला की पातीचं. न्यूमोकॉकस असेल तर नाकाजवळचा कोपरा दाबून बघायचा. तिथून पू वर आला तर अश्रूंची पिशवीच तुंबलेली आहे आणि जंतूचं घर तिथेच आहे.

डोळ्याच्या आत तळाशी पांढरा पू साचून आडवी रेघ दिसते, त्याला हायपोपिऑन म्हणतात. ती दोन्हीकडे दिसते, म्हणून तिच्यावर निकाल देता येत नाही. आणि बुरशी जुनी झाली, वर जिवाणू बसला, मधल्या काळात कुणी मध घातला, कुणी बाळंतिणीचं दूध घातलं, की वरची सगळी लक्षणं एकमेकांत मिसळून जातात.

एवढी घाई फरक करायची कशाला? कारण औषधं उलटसुलट आहेत. जिवाणूला मॉक्सिफ्लॉक्सॅसिन किंवा तीव्र केलेले सेफॅझोलिन आणि टोब्रामायसिनचे थेंब. बुरशीला त्यांचा काही उपयोग नाही. तिला नॅटामायसिन 5 टक्के लागतं, सुरुवातीला तासातासाला आणि पुढे कित्येक आठवडे. नव्या औषधाचं आकर्षण सगळ्यांनाच असतं, पण 2013 साली आलेल्या मोठ्या चाचणीत व्होरिकोनॅझोलपेक्षा जुनं नॅटामायसिनच सरस ठरलं, आणि फ्युजेरियम बुरशीत तर ठळकपणे. या बाटलीची एक गंमत आहे. औषध पाण्यात विरघळलेलं नसतं, तळाला बसतं. न हलवता घातलं तर पेशंट आठवडाभर नुसतं वरचं पाणी घालत बसतो. सांगायचं राहून जातं, म्हणून इथे लिहिते: हलवा, मग घाला.

खरा घात होतो तो स्टेरॉइडच्या थेंबांनी. मागच्या हंगामात एक काका आले. गावाजवळच्या एका मेडिकलमधून 'लाल डोळ्याची बाटली' घेऊन आठ दिवस घातली होती. दोन दिवसांत लाली उतरली, बरं वाटलं, म्हणून चालू ठेवली. लाली उतरते हे खरंच, कारण स्टेरॉइड शरीराची प्रतिकाराची धावपळ बंद करतं. आणि बुरशीला तेच हवं असतं. मी स्लाइड बघितली तेव्हा धाग्यांचं अक्षरशः जाळं होतं, इतकं की शोधावं लागलंच नाही. जिवाणूच्या अल्सरमध्ये योग्य वेळी, डॉक्टरांच्या नजरेखाली स्टेरॉइडचा विचार होऊ शकतो. बुरशीच्या चालू संसर्गात ते टाळतात. एकाच बाटलीचा हा असा दुहेरी कारभार.

म्हणून नमुना. डोळ्यात प्रोपॅराकेनचे थेंब टाकून बधिर करतात, स्लिट लॅम्प या डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली पेशंटला बसवून डॉक्टर 15 नंबरच्या ब्लेडने जखमेच्या कडा आणि तळ खरवडतात. मिळतं किती? पातळ भाताच्या कणाच्या टोकाएवढं. रक्ताची बाटली भरून लॅबला पाठवायची आमची सवय इथे कामाला येत नाही. नमुना कापसाच्या बोळ्यावर घेऊन तालुक्याहून पाठवला तर वाटेतच वाळतो. म्हणून प्लेट आणि स्लाइड पेशंटजवळ न्यायच्या आणि तिथेच लावायचं. प्लेटमधल्या आगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीसारख्या थरावर, ब्लेडने 'सी' अक्षरासारख्या रेघा ओढतात. हे नक्षीकामासाठी नाही. वाढ त्या रेघेवर आली तर ती डोळ्यातली, रेघेबाहेर आली तर हवेतली. बुरशीच्या बाबतीत ही खूण फार मोलाची, कारण अ‍ॅस्परजिलसचे बीजाणू कुठल्याही खोलीत तरंगत असतात.

पहिली स्लाइड केओएचची. खरवडलेल्या अंशावर 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब, वर काचेची चकती, पाच-दहा मिनिटं थांबायचं. क्षार पेशी विरघळवतो, बुरशीची भिंत तगून राहते. सूक्ष्मदर्शकाचा कंडेन्सर खाली घ्यावा लागतो, नाहीतर लख्ख उजेडात धागे दिसतच नाहीत. कार्यशाळेत मी अभिमानाने एक धागा दाखवला. शिकवणाऱ्या बाईंनी डोकावून शांतपणे सांगितलं, "हा तुमच्या कोटाचा कापूस." कापसाचा तंतू जाड, पिळवटलेला, जाडी कमी-जास्त होणारा आणि चकाकणारा. बुरशीचा तंतू सारख्या जाडीचा, मध्ये मध्ये पडदे, आणि फांद्या फुटलेला. एकदा दोन्ही शेजारी पाहिले की पुन्हा चूक होत नाही असं म्हणाले असते, पण होते.

दुसरी स्लाइड ग्रॅमची, म्हणजे जंतू रंगवून बघायची. जोडीजोडीने बसलेले निळे, भाल्याच्या टोकासारखे गोल आणि भोवती रिकामं वलय दिसलं की न्यूमोकॉकस. गुलाबी बारीक काड्या दिसल्या तर स्यूडोमोनासची शंका. या दोन स्लाइड अर्ध्या-पाऊण तासात होतात आणि डॉक्टरांना पहिली बाटली निवडायला तेवढं पुरतं. कल्चर, म्हणजे प्लेटवर वाढलेल्या जंतूंचा निकाल, नंतर येतं. जिवाणू ब्लड आगारवर एक-दोन दिवसांत उगवतात. बुरशी बहुतेक आठवड्याच्या आत दिसते, पण प्लेट दोन आठवडे ठेवतात. फ्युजेरियम असेल तर कापसासारखी पांढरी वाढ येते, मागून गुलाबी-जांभळट झाक, आणि सूक्ष्मदर्शकाखाली विळ्यासारखे वाकडे बीजाणू. ऊसतोडीचा विळा डोळ्यासमोर येतोच.

पेशंटला सांगताना मी 'फंगस' म्हणत नाही. "शिळ्या भाकरीवर बुरा येतो ना, तसला डोळ्यात आलाय," म्हटलं की काकू लगेच म्हणतात, "आगं बाई! मग ते पुसून निघंल की?" निघत नाही. धागे कॉर्नियाच्या आत खोल गेलेले असतात. म्हणून तर थेंब इतके दिवस.

आणि सगळं नीट करूनही कधी गाडी अडते. केओएचमध्ये धागे स्वच्छ दिसतात, नॅटामायसिन वेळेवर घातलं जातं, तरी डोळा बिघडतच राहतो. तेव्हा पिथियमची आठवण व्हावी. पिथियम इन्सिडिओसम दिसतो बुरशीसारखा, पण आहे पाण्यातल्या वेगळ्याच कुळातला. नॅटामायसिन बुरशीच्या आवरणातल्या एर्गोस्टेरॉलला धरतं, आणि पिथियमच्या आवरणात ते नसतंच. इथे लिनेझोलिड आणि अझिथ्रोमायसिन वापरतात, म्हणजे एरवी जिवाणूंवर चालणारी औषधं. धागे रुंद, फितीसारखे आणि पडदे अगदी विरळ असतात एवढीच खूण. खात्रीसाठी कार्यशाळेत आम्ही गवताची पाती उकळून वाढीवर ठेवली आणि मग पाण्यात सोडली. काही तासांनी त्या पात्याच्या कडेला फुगे आले, फुटले, आणि त्यातून बीजाणू बाहेर पडून पोहायला लागले. बुरशीचे बीजाणू असे पोहत नाहीत. आमच्याकडे गवत शोधायला लांब जावं लागत नाही, त्यामुळे परत आल्यावर लॅबच्या मागच्या बांधावरचंच एक पातं उकळून बघितलं. चाललं.