ओहम व्होल्टमध्ये वाचायचे कसे?

मल्टीमीटरची कळ ओहमवर फिरवली की तो रोध मोजतो, असं आपण धरून चालतो. खरं तर तेव्हाही तो व्होल्टेजच मोजत असतो. रोधातून ठरावीक धारा सोडायची आणि दोन टोकांमधलं व्होल्टेज बघायचं. धारा नेमकी १ मिलिअँपिअर असेल, तर १ किलोओहमला १ व्होल्ट, ४.७ किलोओहमला ४.७ व्होल्ट.

खरी मेख 'ठरावीक' या शब्दात आहे. ९ व्होल्टच्या बॅटरीला १ किलोओहमचा रोधक एकसर जोडून बघा. मोजायचा रोध १ किलोओहम असताना ४.५ व्होल्ट मिळतील, २ असताना ६, ३ असताना ६.७५. रोध वाढला की धाराच आटते.

धारा ठरावीक ठेवायला बीसी५५७ हा पीएनपी ट्रान्झिस्टर कामाला येतो. एमिटर, बेस आणि कलेक्टर हे त्याचे तीन पाय. बॅटरीचं धन टोक आणि बेस यांच्यामध्ये लाल एलईडी, बेसपासून ऋण टोकाला ३.३ किलोओहम. एलईडीवर सुमारे १.८ व्होल्ट टिकतात. त्यातले ०.६५ बेस-एमिटर जोड खातो, उरलेले १.१५ एमिटर आणि धन टोकामधल्या रोधकावर येतात. तो १.१५ किलोओहमचा केला की झाला १ मिलिअँपिअर. मोजायचा रोध कलेक्टर आणि ऋण टोक यांच्यामध्ये.

मला यात सर्वांत लोभस वाटतो तो कलेक्टर. एमिटरमधून निघालेले होल, म्हणजे धन प्रभाराचे वाहक, अतिशय पातळ बेस ओलांडतात आणि कलेक्टरच्या जोडापाशी पोचले की तिथलं विद्युतक्षेत्र त्यांना ओढून घेतं. किती निघायचे, हे बेस-एमिटर जोडाने आधीच ठरवलेलं असतं. धरणाचं दार जेवढं उचललं तेवढंच पाणी सुटतं, मग खाली ते दहा फूट कोसळो की पन्नास. बेसची प्रभावी जाडी कलेक्टरच्या व्होल्टेजने किंचित बदलते, पण एमिटरचा रोधक तो फरकही बराचसा सावरून घेतो.

साधारण साडेसात किलोओहमच्या पुढे मात्र बॅटरीच पुरत नाही. कोरड्या त्वचेचा रोध याहून कितीतरी जास्त असतो आणि घाम आला की झपाट्याने उतरतो. हातात कांडी धरायला देऊन यकृत-मूत्रपिंडाचा अहवाल छापून देणारी यंत्रं शिबिरांत दिसतात. त्वचेच्या रोधावरून यकृताचा आजार कळत नाही. पैसे देऊ नका.

मंडल जोडलंत की ट्रान्झिस्टर चिमटीत धरून बघा, आकडा वर सरकू लागेल. बोटांच्या उबेने तापमान वाढतं आणि दर अंशाला बेस-एमिटर व्होल्टेज सुमारे २ मिलिव्होल्टने घटतं, म्हणून धारा वाढते. एलईडीचं व्होल्टेजही जवळपास तेवढंच घटतं. म्हणून दोघांना अंगाला अंग लावून एकाच स्लीव्हमध्ये बसवायचं.