फॉरेन्सिकचा ऑनलाइन कोर्स : फी भरण्याआधी गुणपत्रके घेऊन या

बारावीचा निकाल लागला की आमच्या नवी पेठेतल्या मार्गदर्शन केंद्रात रोज एक तरी मूल विचारते, "सर, मृत्यूचा तपास करायचा आहे. फॉरेन्सिकचा ऑनलाइन कोर्स कुठला करू?" आवड चांगली आहे आणि काम समाजाच्या गरजेचे आहे. वाईट एवढेच वाटते की त्यातली बरीच मुले फी भरून मग आमच्याकडे येतात.

आपल्याकडे मृत्यूचा तपास कुणी एकटा करत नाही, हे आधी लक्षात घ्या. संशयास्पद मृत्यू झाला की पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे पोलीस अधिकारी पंचांसमोर इन्क्वेस्ट पंचनामा, म्हणजे मृतदेहाचा पंचनामा करतो. शवविच्छेदन डॉक्टरच करतात. व्हिसेरा, म्हणजे मृतदेहातून काढलेले अवयवांचे नमुने, जातो न्यायसहायक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळेत आणि तिथे रसायनाचा अभ्यास केलेली माणसे विष शोधतात. म्हणजे वाटा तीन : पोलीस भरती, एमबीबीएस करून पुढे फॉरेन्सिक मेडिसिनमध्ये एमडी, किंवा विज्ञानाची पदवी घेऊन प्रयोगशाळा. नुसत्या ऑनलाइन प्रमाणपत्रावर यातली एकही वाट उघडत नाही.

मोबाइलवर जाहिराती दिसतात त्या बहुतेक 'डेथ इन्व्हेस्टिगेटर'च्या. ते पद अमेरिकेतल्या कॉरोनर किंवा मेडिकल एक्झामिनरच्या, म्हणजे मृत्यूचे कारण ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या कार्यालयातले. या कामाची नोंदणी करणाऱ्या तिथल्या मंडळाकडे नाव घालायलासुद्धा अशा कार्यालयात प्रत्यक्ष काम केल्याचे किमान ६४० तास दाखवावे लागतात, घरी बसून ते भरत नाहीत. आपल्या मुंबईत कॉरोनर होता, तोही १९९९ साली बंद झाला.

मोहोळकडचा एक विद्यार्थी आला होता. असाच कोर्स पूर्ण केलेला, प्रमाणपत्र लॅमिनेट करून आणलेले. आता फॉरेन्सिक येतेच, या भरवशावर त्याने बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी रसायनशास्त्र सोडून दिले होते. प्रयोगशाळेची जाहिरात आली, तिथे नेमके तेच मागितले होते. फीपेक्षा त्याला तो विषय सोडणे महागात पडले. वडील समोर बसून गुणपत्रक पुन्हा पुन्हा उलटून बघत होते. म्हणून आम्ही पहिल्या भेटीत कोर्सबद्दल बोलतच नाही, गुणपत्रके मागतो. काहींना ते खटकते, "फॉर्म भरून द्या, बाकीचे आमचे आम्ही बघू" म्हणतात. विषय जुळत नसतील तर आम्ही फॉर्म भरून देत नाही. गिऱ्हाईक परत गेले तरी चालेल.

ऑनलाइन अभ्यास वाया जातो असे मात्र समजू नका. पाया पक्का करायला तो उत्तम आहे. ई-पीजी पाठशाला या सरकारी संकेतस्थळावर फॉरेन्सिक सायन्सचे पाठ फुकट आहेत. आधी महिनाभर तेच वाचा, गोडी टिकते का बघा. राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाची 'फॅक्ट' ही फॉरेन्सिकची पात्रता परीक्षा किंवा यूजीसी-नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेतला फॉरेन्सिक सायन्स हा विषय, दोन्हींची तयारी घरून होते. ऑनलाइन पदवी घेणार असाल तर त्या वर्षीच्या यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत विद्यापीठ आणि तो अभ्यासक्रम, दोन्ही आहेत ना हे पाहा. नुसते विद्यापीठाचे नाव बघून थांबू नका. सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी गेलेच पाहिजे, अशी तरतूद त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये आली आहे. ती राज्ये टप्प्याटप्प्याने लागू करत आहेत. त्यामुळे तयार माणसांची गरज वाढणार आहे.

पण हाताचे काम पडद्यावर येत नाही. आमच्या टेबलावर एक खाकी लिफाफा असतो. आलेल्या मुलाला आम्ही विचारतो, रक्ताने भिजलेला शर्ट कशात भरशील? बहुतेक जण प्लॅस्टिकची पिशवी म्हणतात. ओल कोंडली की बुरशी येते आणि पुरावा जातो. कपडा सावलीत वाळवून कागदातच बांधायचा. तसेच व्हिसेऱ्याचे. विषाच्या तपासणीसाठी तो साधारणपणे मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. फॉर्मलिनमध्ये, म्हणजे अवयव टिकवायच्या रासायनिक द्रावणात टाकला तर विष सापडणे अवघड होऊन बसते. एवढ्याशा चुकीने एखाद्या घराला आपले माणूस कशाने गेले हे कधीच कळत नाही. म्हणून आमच्या शनिवारच्या वर्गात बांधणे, सील करणे, लेबल लिहिणे हेच हाताने करून घेतो. बॅच लहान ठेवतो, कारण प्रत्येकाचे सील तपासावे लागते.

पहिल्या भेटीचे ३०० रुपये घेतो. पुढे वर्गाला बसलात तर ते फीतून वजा होतात. येताना दहावीपासूनची सगळी गुणपत्रके आणा, पदवीच्या प्रत्येक वर्षाचे विषय दिसले पाहिजेत. आई-वडिलांपैकी कुणी सोबत असले तर बरे. कुठे आधीच पैसे भरले असतील तर पावती आणि परताव्याच्या अटींचा कागदही घ्या. मुदत शिल्लक असेल तर परताव्याचा अर्ज त्याच दिवशी लिहून देतो, त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत.