टायमर मागे पडतो की विसरतो?

अ‍ॅक्वेरियमच्या दिव्याला टायमर लावलेला असतो, मध्येच वीज जाऊन येते आणि दुसऱ्या दिवशी दिवा भलत्याच वेळी लागतो. असे झाले की ‘टायमर रीसेट झाला’ असे म्हणून आपण मोकळे होतो. प्रत्यक्षात या एका वाक्यात दोन अगदी वेगळे प्रकार एकत्र कोंबलेले असतात. पहिल्या प्रकारात टायमरचे घड्याळ फक्त मागे पडलेले असते, तर दुसऱ्यात ते वेळच विसरलेले असते. वरून दोन्ही सारखेच दिसतात, पण कारण वेगळे, हिशोब वेगळा आणि उपायही वेगळा असल्यामुळे घोळ होतो: ज्या टायमरात सेलच नसतो त्याच्यात लोक सेल शोधत बसतात आणि ज्याचा सेल कधीच संपला आहे त्याचे घड्याळ दर वेळी इमानाने पुन्हा लावत राहतात. त्यात आपल्या बोलण्यात वीजही ‘लाइट’ आणि दिवाही ‘लाइट’, त्यामुळे ‘लाइट गेली आणि लाइट बिघडला’ अशी तक्रार ऐकणाऱ्याला नेमके काय झाले ते चटकन कळत नाही. म्हणून या लेखात वीज ती वीज आणि दिवा तो दिवा, एवढे पथ्य पाळतो.

मागे पडणारा टायमर म्हणजे तबकडीचा यांत्रिक टायमर. त्याच्या गोल तबकडीवर २४ तास छापलेले असतात आणि कडेने लहान लहान खिट्ट्या असतात. एक खिट्टी १५ मिनिटांची असेल तर एकूण ९६ आणि ३० मिनिटांची असेल तर ४८. बहुतेक नमुन्यांत खाली दाबलेली खिट्टी म्हणजे दिवा चालू आणि वर असलेली म्हणजे बंद. कान जवळ नेला तर आत बारीक घरघर ऐकू येते. हा आवाज सिंक्रोनस मोटरचा असतो. ही मोटर विजेच्या प्रवाहाच्या वारंवारतेशी (प्रवाह सेकंदाला किती वेळा हेलकावतो तो आकडा, तो हर्ट्झमध्ये मोजतात) पाऊल जुळवून फिरते, म्हणजे तबकडीला वेळ सांगणारे वेगळे घड्याळ आत नसतेच. भिंतीतून येणारी वीज हेच तिचे घड्याळ. वीज गेली की मोटर थांबते, तबकडी जिथे होती तिथे उभी राहते आणि वीज आली की तिथूनच पुढे चालू लागते. वीज जितका वेळ गेली, बरोबर तितकाच वेळ टायमर मागे पडतो. सोमवारी ४० मिनिटे आणि गुरुवारी २० मिनिटे वीज गेली असेल, तर शुक्रवारी तो एक तास मागे असतो, कारण तूट साठत जाते आणि आपोआप कधीच भरून निघत नाही. याला बिघाड म्हणणेही खरे तर अन्यायाचे आहे, कारण यंत्राची रचनाच तशी आहे. खिट्ट्यांवर लावलेला कार्यक्रम मात्र जागच्या जागी राहतो. प्लास्टिकची खिट्टी काही विसरत नाही.

वीज न जाताही तबकडी मागे पडत असेल, तर बघायची गोष्ट वेगळी आहे. ६० हर्ट्झसाठी बनवलेला टायमर ५० हर्ट्झच्या विजेवर लावला, तर त्याची मोटर सहातल्या पाचच पावलांनी चालते आणि तो रोज चार तास मागे पडतो. दुसऱ्या देशातून आणलेल्या टायमरच्या बाबतीत ही शंका आधी घ्यावी. दर दिवशी ठरावीक तूट येत असेल तर कारण वारंवारता आहे. कधी येते आणि कधी येत नाही असे असेल तर वीज जाते आहे, मग ती आपण घरी नसताना जात असली तरी.

विसरणारा टायमर म्हणजे आकडे दाखवणारा डिजिटल टायमर. याचे घड्याळ विजेच्या वारंवारतेवर चालत नाही. त्यात एक क्वार्ट्झ स्फटिक असतो, तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्या कंपनांची गणती करून वेळ मोजली जाते. या गणतीला थोडी वीज सतत लागते. ती एरवी भिंतीतून मिळते आणि भिंतीतली वीज गेली की आतल्या छोट्या सेलमधून मिळते. हा सेल ठणठणीत असेल तर डिजिटल टायमर कितीतरी तासांची, अनेकदा दिवसांचीही वीजकपात सहज पचवतो आणि वीज आल्यावर बरोबर वेळ दाखवतो. सेल संपला असेल तर मात्र वीज जाताच गणती तुटते आणि वीज आल्यावर पडद्यावर ००:०० किंवा १२:०० असे आकडे लुकलुकत उभे राहतात. काही टायमरांत लावलेला कार्यक्रम वेगळ्या स्मृतीत साठवलेला असतो, तो वाचतो आणि फक्त वेळ जाते. काहींत दोन्ही पुसले जाते आणि सगळे पहिल्यापासून भरावे लागते. यातला फरक वापरणाऱ्याला महत्त्वाचा वाटत नाही, पण माशांच्या दृष्टीने पहिला प्रकार अधिक वाईट, कारण शाबूत कार्यक्रम चुकीच्या घड्याळावर तितक्याच निष्ठेने चालत राहतो.

फरक आकड्यांत बघू. दिवा सकाळी १० ते संध्याकाळी ६ असा आठ तास लावलेला आहे आणि दुपारी २:१० ला गेलेली वीज ३:४० ला परत येते. यांत्रिक टायमर दीड तास मागे पडतो, त्यामुळे त्या दिवशी दिवा ६ ऐवजी ७:३० ला विझतो आणि दुसऱ्या दिवसापासून ११:३० ते ७:३० असा लागू लागतो. गंमत अशी, की प्रकाशाचे आठ तास त्या दिवशीही पूर्ण मिळतात, फक्त सरकतात. आता डिजिटल टायमरचा सेल मेलेला आहे, कार्यक्रम शाबूत आहे आणि घड्याळ ००:०० वरून चालू झाले आहे असे धरा. वीज किती वेळ गेली याला इथे काहीच महत्त्व नाही. दीड तास जावो नाहीतर एक मिनिट, फळ तेच. ३:४० ला त्याची मध्यरात्र सुरू होते, त्याचे सकाळचे १० आपल्या रात्रीच्या १:४० ला वाजतात आणि दिवा तेव्हा लागून सकाळी ९:४० ला विझतो. दिवसभर टाकी अंधारात आणि रात्रभर उजेडात.

हे मी एकदा समोर पाहिले आहे. रात्री पाणी प्यायला उठलो तर टाकी लख्ख उजळलेली, निऑन टेट्रांचा थवा लाकडामागे एका कोपऱ्यात दाटलेला आणि अंधारात फिकट पडलेला त्यांचा निळा पट्टा अजून पुरता उजळायचा होता, म्हणजे दिवा नुकताच लागला होता. माशांना पापण्या नसतात, त्यामुळे अचानक आलेल्या उजेडापासून ते डोळे मिटून सुटू शकत नाहीत. जागा बदलणे एवढेच त्यांच्या हाती असते. टायमर जेमतेम वर्षाचा होता आणि तोवर त्याने मिनिटाचीही चूक केलेली नव्हती.

विसरणाऱ्या टायमरची खरी खोड हीच आहे. सेल मेलेला असला तरी भिंतीतली वीज अखंड आहे तोवर तो अचूक चालतो, म्हणून आतून पोकळ झाल्याचे वरून कळतच नाही. अशा बऱ्याच टायमरांत निकेल मेटल हायड्राइडचा १.२ व्होल्टचा पुन्हा चार्ज होणारा सेल असतो, आणि हा सेल नुसता पडून राहिला तरी आपोआप उतरत जातो. म्हणून दीर्घकाळ खोक्यात राहिलेला नवाकोरा टायमरही पहिल्याच दिवशी वेळ विसरू शकतो. त्याला सदोष ठरवण्याआधी एक पूर्ण दिवस प्लगमध्ये राहू द्यावे, गरज पडल्यास पिनेने रीसेटचे बारीक छिद्र दाबून मग वेळ आणि कार्यक्रम भरावा, आणि त्यानंतर तो रात्रभर प्लगमधून काढून ठेवावा. सकाळी वेळ शाबूत असेल तर सेल चांगला आहे. यांत्रिक टायमरला अशी परीक्षा लागत नाही. तो चुकतो तेव्हा उघडपणे आणि हिशोबाने चुकतो.

घरातला टायमर कोणत्या प्रकारचा आहे हे एरवी नुसते पाहूनही कळते, पण बिघाड कोणता हे कळण्यासाठी दहा मिनिटांची चाचणी पुरते. खरी वेळ आणि टायमरची वेळ जुळवून घ्यावी, टायमर प्लगमधून दहा मिनिटे काढावा आणि परत लावावा. तो दहा मिनिटे मागे असेल तर मागे पडणारा. आकडे शून्यावर आले तर विसरणारा. वेळ बरोबर असेल आणि वर सांगितलेल्या रात्रभरच्या परीक्षेतही टिकली, तर वीजकपातीला दोष देणे सोडून दुसरीकडे पाहावे: टायमर ‘ऑटो’ ऐवजी कायम चालू वा कायम बंदवर राहिलेला असतो, सकाळ-संध्याकाळ उलटी भरलेली असते, किंवा आतल्या रिलेचे (दिवा चालू-बंद करणाऱ्या विजेवरच्या स्विचचे) संपर्कबिंदू एकमेकांना चिकटलेले असतात आणि दिवा विझतच नाही. हा शेवटचा प्रकार एलईडी दिव्यांमुळेही होतो, कारण चालू होण्याच्या क्षणी त्यांचा ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारे सर्किट) क्षणभर नेहमीपेक्षा बराच जास्त प्रवाह ओढतो. चिकटलेला रिले असेल तर टायमर बदलावा.

उपायांचे पाहू. यांत्रिक टायमरची तबकडी बाणाच्या दिशेनेच फिरवायची असते. उलटी फिरवली तर आतले दाते तुटण्याची भीती. सुदैवाने मागे पडलेल्या घड्याळाला पुढेच न्यायचे असते, त्यामुळे हा नियम आड येत नाही. आठवड्यातून एकदा पाणी बदलताना तबकडीकडे पाहून तूट भरून काढली, तर पंधरा-वीस मिनिटांच्या फरकाने माशांचे काही बिघडत नाही. वीज वारंवार जात असेल तर टायमर इन्व्हर्टरवरच्या सॉकेटला लावावा, मात्र मोटर इन्व्हर्टर देईल त्या वारंवारतेने फिरते, त्यामुळे इन्व्हर्टरची वारंवारता काटेकोर नसेल तर बॅटरीवरच्या काळात थोडा फरक पडतो.

डिजिटल टायमरचा उपाय म्हणजे सेल, पण इथे घाई नको. मागच्या बाजूला झाकण असून आत बटणाच्या आकाराचा सेल सहज निघत असेल, तर त्याच क्रमांकाचा नवा सेल तीच बाजू वर ठेवून बसवावा. सेल आत सोल्डर केलेला असेल तर तो बहुधा चार्ज होणारा असतो, आणि त्याच्या जागी साधा सीआर२०३२ सारखा चार्ज न होणारा लिथियम सेल बसवणे धोक्याचे आहे, कारण टायमर त्यालाही चार्ज करायला जाईल आणि तो सेल फुगू किंवा फुटू शकतो. ज्याला हे काम येते त्याने तसाच सेल बसवावा. बाकीच्यांनी नवा टायमर घ्यावा, असे माझे मत आहे. विजेचे उपकरण, पाण्याची टाकी आणि अर्धवट माहिती यांना एकत्र आणू नये. दोन्ही प्रकारांत टायमर हाताळण्याआधी तो प्लगमधून काढावा, हात कोरडे असावेत, आणि दिव्याची वायर सॉकेटच्या पातळीखाली झोका घेऊन वर जाईल अशी ठेवावी, म्हणजे वायरवरून ओघळलेले पाणी तिथेच ठिबकते.

वनस्पतींच्या टाकीत हा फरक जास्त बोचतो, कारण तिथे बहुधा दोन टायमर असतात, एक दिव्याला आणि एक कार्बन डायऑक्साइड वायूच्या सोलेनॉइड झडपेला, म्हणजे विजेने उघडमीट होणाऱ्या झडपेला. वायू दिव्याच्या तास-दोन तास आधी सुरू करून दिवा विझण्याच्या सुमारे तासभर आधी बंद करण्याची पद्धत आहे. दोन्ही टायमर यांत्रिक असतील तर वीज गेल्यावर दोघे सारखेच मागे पडतात आणि त्यांच्यातले अंतर टिकते. दिव्याला डिजिटल आणि वायूला यांत्रिक अशी मिसळ केली, तर चांगल्या सेलचा डिजिटल बरोबर राहतो, यांत्रिक मागे पडतो आणि काही वीजकपातींनंतर दिवा विझल्यावरही वायू चालू राहतो. अंधारात वनस्पती हा वायू वापरत नाहीत, उलट श्वसनातून सोडतात आणि ऑक्सिजन घेतात. पाण्याचा सामू उतरतो आणि सकाळी मासे पृष्ठभागाशी तोंड काढून धापा टाकताना दिसतात. म्हणून एका टाकीवर एकाच जातीचे टायमर वापरावेत, किंवा शक्य असेल तर एकाच टायमरवर दोन्ही घेऊन वायूला आधीची आघाडी न देण्याची तडजोड स्वीकारावी.

एलईडी पट्टीच्या वायरमध्येच येणारी ३, ६ किंवा १२ तासांची बटणे असलेली डबी या दोन्हींत बसत नाही. तिला घड्याळ नसते. बटण दाबल्या क्षणापासून ती तास मोजते, आणि वीज जाऊन आली की काही डब्या गणती नव्याने सुरू करतात, काही गप्प बसतात. वायफायवरचा स्मार्ट प्लग वेळ विसरतो, पण राउटर सुरू झाला की इंटरनेटवरून ती परत मिळवतो. त्यात वीज परत आल्यावर दिवा कोणत्या अवस्थेत राहावा हे ठरवायची सोय असेल तर ‘बंद’ निवडावे.

दिवा रात्रभर जळल्याचे लक्षात आले, तर टायमरची वेळ दुरुस्त करून तो दिवस टाकी अंधारातच राहू द्यावी. ठरलेल्या आठ तासांवर आणखी आठ तास चढवले तर त्याचा फायदा शेवाळालाच होतो. याउलट टाकी दिवसभर अंधारात राहिली असेल, तर दुसऱ्या दिवशी जास्त वेळ दिवा लावून भरपाई करू नये; नेहमीच्या वेळी लावून नेहमीच्या वेळी विझवावा. मासे आणि वनस्पती एक दिवस अंधारात सहज काढतात.