छतावरचा सूर्य आणि ग्रिडचे जडत्व

ग्वाल्हेरच्या जनकगंज, दौलतगंज या भागांतल्या जुन्या घरांच्या गच्च्यांवर आता सौर पॅनेल दिसू लागली आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संयंत्राला ७८,००० रुपये अनुदान मिळते आणि नेट मीटरमुळे, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा होत असल्याने, बिलही उतरते, त्यामुळे लोकांचा उत्साह रास्त आहे. मात्र एक तक्रार सर्रास ऐकू येते. मे महिन्याच्या भर दुपारी, ऊन रणरणत असताना लाईट गेली, की पॅनेल असलेल्या घरातले पंखेही शेजाऱ्यांच्या पंख्यांबरोबरच थांबतात. मग विक्रेत्याने फसवले किंवा इन्व्हर्टर सदोष निघाला, असा समज करून घेतला जातो. वस्तुतः त्या क्षणी इन्व्हर्टर त्याला नेमून दिलेले कामच चोख करत असतो, आणि ते काम समजून घेतले तर स्वच्छ ऊर्जेकडे जाण्याच्या वाटेवरची सर्वांत अवघड अडचणही समजते.

पॅनेलमधून मिळणारा प्रवाह एकाच दिशेने वाहतो, तर ग्रिडमधला, म्हणजे देशभर जोडलेल्या वीजजाळ्यातला, प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो. हे रूपांतर इन्व्हर्टर करतो. पण छतावरचा सर्वसाधारण इन्व्हर्टर अनुयायी जातीचा असतो. ग्रिडच्या व्होल्टेजचा तरंग केव्हा शून्यावर येतो आणि केव्हा शिखर गाठतो हे तो अखंड तपासत राहतो आणि त्याच तालात आपला प्रवाह आत सोडतो. ग्रिडच गेले तर अनुसरायला तरंग उरत नाही, आणि मानकांनुसार दोन सेकंदांच्या आत त्याला स्वतःला तोडून घ्यावे लागते. तसे झाले नाही, तर घरातली वीज बाहेरच्या तारांत शिरेल, गल्लीतले रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) उलट दिशेने काम करून तिचा दाब ११,००० व्होल्टपर्यंत चढवू शकेल आणि लाईन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या लाईनमनचा जीव जाईल. बॅटरीसह येणारा हायब्रीड इन्व्हर्टर घराला ग्रिडपासून वेगळे करून निवडक दिवे-पंखे चालू ठेवतो; मात्र त्याचा खर्च बराच अधिक असतो.

आता प्रश्न असा, की इन्व्हर्टर ज्याच्यामागे चालतो तो ताल धरतो कोण? तो औष्णिक आणि जलविद्युत केंद्रांतली अवजड जनित्रे धरतात. औष्णिक केंद्रातले जनित्र मिनिटाला ३,००० फेरे घेते, म्हणजेच सेकंदाला ५०. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वीजवाहिनीने दक्षिणेचे ग्रिड उर्वरित देशाशी जोडले गेले. तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतची सगळी जनित्रे एकाच वारंवारतेला, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांच्या एकाच संख्येला, बांधलेली आहेत; ही संख्या हर्ट्झमध्ये मोजतात.

या फिरत्या वस्तुमानात दडलेला गुण मला विजेच्या शास्त्रातला सर्वांत देखणा वाटतो. कुंभाराने काठी काढून घेतल्यावरही त्याचे चाक फिरत राहते आणि मातीला आकार देण्याइतकी शक्ती पुरवते. जनित्राच्या जडत्वाचेही तसेच आहे. मोठ्या औष्णिक संचाच्या फिरत्या भागांत इतकी गतिज ऊर्जा साठलेली असते, की इंधन पूर्ण थांबले तरी केवळ तिच्या बळावर तो संच साधारण तीन ते पाच सेकंद आपली पूर्ण क्षमता देऊ शकेल. एखादे मोठे केंद्र अचानक बंद पडले, तर उरलेल्या जनित्रांवरचा विद्युत भार त्याच क्षणी वाढतो, पण त्यांच्या टर्बाइनमध्ये येणारी वाफ तेवढीच राहते. ही तूट रोटर, म्हणजे जनित्राचा फिरणारा भाग, आपल्या गतिज ऊर्जेतून भरून काढतो आणि त्यापायी किंचित मंदावतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे वेग एक टक्का घटला की साठ्यातली सुमारे दोन टक्के ऊर्जा मोकळी होते. हे सारे कोणाच्याही आज्ञेविना घडते. निसर्गनियमच तिथे पहारा देत असतो.

वारंवारता किती वेगाने घसरेल, हे तुटीचे प्रमाण आणि हा साठा यांच्या गुणोत्तरावर ठरते. स्थूल हिशोब करून पाहू. समजा, सर्व फिरत्या यंत्रांचा साठा ग्रिडच्या पूर्ण क्षमतेला चार सेकंद पुरेल एवढा आहे आणि पाच टक्के वीज एकाएकी गेली. पाच टक्के भागिले साठ्याची दुप्पट, म्हणजे आठ सेकंद, आणि त्याला ५० ने गुणले, तर उत्तर येते सेकंदाला सुमारे ०.३१ हर्ट्झ. म्हणजे ५० वरून ४९.५ वर यायला साधारण १.६ सेकंद लागतील. आता निम्मी जनित्रे बंद ठेवून त्यांच्या जागी सौर वीज घेतली आणि साठा दोन सेकंदांचा झाला, तर हीच घसरण ०.८ सेकंदांत होईल. जनित्राचा गव्हर्नर, म्हणजे त्याचा वेगनियंत्रक, वाफेची झडप उघडून परिणाम दाखवेपर्यंत काही सेकंद जातात. आपल्या ग्रिड संहितेने वारंवारतेला घालून दिलेली मर्यादा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ अशी आहे, यावरून अर्ध्या हर्ट्झची घसरण किती मोठी असते ते ध्यानात यावे. पॅनेलमध्ये फिरणारे काहीच नसते आणि अनुयायी इन्व्हर्टर आपणहून जडत्व देत नाही.

घसरण हाताबाहेर गेली तर काय होते, याची आठवण ग्वाल्हेरकरांना वेगळी करून द्यायला नको. ३० जुलै २०१२ च्या मध्यरात्रीनंतर अडीचच्या सुमारास ४०० किलोव्होल्टची बीना-ग्वाल्हेर वीजवाहिनी अतिभारामुळे बंद पडली आणि उत्तरेचे ग्रिड कोसळले. दुसऱ्या दिवशी दुपारी तीच वाहिनी पुन्हा बंद पडली, तेव्हा उत्तर, पूर्व आणि ईशान्य ही तिन्ही ग्रिडे बंद पडून साठ कोटींहून अधिक लोकांची वीज गेली. त्या घटनेचा सौर विजेशी काही संबंध नव्हता. पण वारंवारतेची घसरण ओळखून आपोआप भार कमी करणाऱ्या रिलेंनी तेव्हा पुरेसे काम केले नाही, हे चौकशीत स्पष्ट झाले. आणि जडत्व कमी झालेल्या ग्रिडमध्ये अशा रिलेंना मिळणारा अवधी आणखी आखूड होणार आहे.

याच्या उलट उदाहरण ५ एप्रिल २०२० चे. कोरोनाच्या साथीत पंतप्रधानांच्या आवाहनानुसार रात्री नऊ वाजता देशभर नऊ मिनिटे दिवे मालवून पणत्या लावल्या गेल्या. लाखो पणत्यांच्या एकत्रित ऊर्जेने विषाणू मरतो, असे संदेश तेव्हा फिरत होते. त्यांना कसलाही शास्त्रीय आधार नव्हता आणि शिकलेल्या माणसांनीही ते पुढे पाठवावेत याचे मला आजही दुःख होते. त्या नऊ मिनिटांतली खरी थक्क करणारी घटना विजेची मागणी आणि पुरवठा यांचा मेळ घालणाऱ्या भार प्रेषण केंद्रांत घडत होती. देशाची मागणी ३१,०८९ मेगावॅटने घटली, जलविद्युत केंद्रांनी आपले उत्पादन सुमारे १७,५०० मेगावॅटने खाली आणले आणि पुन्हा वर नेले, आणि या सर्व काळात वारंवारता ४९.७० ते ५०.२६ हर्ट्झ यांच्या दरम्यान राहिली. ती रात्रीची वेळ होती, सौर वीज शून्य होती आणि अवजड यंत्रे फिरत होती, हे विसरता कामा नये. असाच धक्का भर दुपारी बसला तर परीक्षा अधिक कठीण असेल.

जून २०२५ अखेर देशाच्या स्थापित वीजक्षमतेचा निम्मा वाटा जीवाश्म इंधनाविना चालणाऱ्या स्रोतांचा झाला. ही मोठीच मजल आहे. पण स्थापित क्षमता म्हणजे उत्पादन नव्हे, आणि प्रत्यक्ष युनिटांचा बहुतांश भार अजूनही कोळसाच वाहतो. ‘निम्मा देश स्वच्छ विजेवर चालतो’ असे मथळे म्हणूनच दिशाभूल करतात.

उपाय आहेत, आणि इथेच संधीही आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये चार सिंक्रोनस कंडेन्सर उभारले. ही इंधनाविना, ग्रिडच्याच विजेवर फिरणारी अवजड यंत्रे असून त्यांचे काम जडत्व आणि व्होल्टेजला आधार पुरवण्याचे आहे. त्याच राज्यातल्या हॉर्न्सडेल येथील बॅटरीच्या इन्व्हर्टरांना २०२२ मध्ये जडत्वाचे अनुकरण करण्याचे काम देण्यात आले. असे इन्व्हर्टर ग्रिडचा तरंग नुसता पाहत बसत नाहीत, तर स्वतः तरंग निर्माण करतात, आणि त्यामागे साठवलेली ऊर्जा लागत असल्याने बॅटरीशिवाय त्यांचा उपयोग मर्यादित राहतो. चंबळेवर, नीमच जिल्ह्यात गांधीसागरजवळ १,४४० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आखला गेला. दुपारच्या स्वस्त विजेने पाणी वर चढवायचे आणि सायंकाळी ते खाली सोडून वीज घ्यायची, ही त्याची रीत. त्याच्या टर्बाइनना वजनही आहे आणि वेगही.

ग्वाल्हेरच्या शेजारी मुरैना येथे होणाऱ्या सौर-बॅटरी प्रकल्पाच्या निविदेत सप्टेंबर २०२५ मध्ये प्रति युनिट २.७० रुपये दर निघाला. सूर्य मावळल्यानंतरही पुरवायच्या विजेसाठी हा दर अत्यंत स्वस्त आहे. मात्र अशा निविदांची चर्चा युनिटच्या दरापाशीच संपते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या सौर प्रकल्पांना क्षमतेच्या किमान दहा टक्के, दोन तासांचा साठा जोडण्याची शिफारस केली आहे. तो साठा अनुयायी इन्व्हर्टरमागे बसणार की तरंग घडवणाऱ्या इन्व्हर्टरमागे, हे माझ्या मते निविदेतच स्पष्ट लिहिले पाहिजे आणि धक्क्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या सेकंदातल्या सेवेला वेगळा मोबदला ठरवला पाहिजे. कारण कोळशाची जनित्रे आजवर ही सेवा विनामूल्य देत आली आणि ती बंद होतील तेव्हा तिची किंमत कोणाला तरी मोजावी लागेल.